वरच्या चक्रावरचा ठिपका

आप्पा दस्तगीरचाचांना झाडत होते आणि दस्तगीरचाचा माझ्या शेजारी उभे होते.

"किती वेळा सांगितलंय तुला, रंगाचं काम दारात करायचं न्हाई म्हणून. हितं माझं इंजिन उघडं पडलंय आणि तुझा फवारा त्याच्यावर बसायलाय. ऐकायलाईस का नुसता उभाच?"

ऐकत होता तो वेल्डिंगचा सिलिंडर. चाचांनी रंगकामाचा झगा त्याच्या अंगावर टाकला होता आणि वर स्वतःची टोपी ठेवली होती. सिलिंडर काही बोलेना, तसा आप्पांचा पारा चढायला लागला. उलट बोलणारा माणूस त्यांना चालायचा, गप्प राहणारा चालायचा नाही. ते एक पाऊल पुढे सरकले. चाचांनी माझ्याकडे पाहिलं, चपला काढून हातात घेतल्या, भिंतीच्या कडेकडेने सिलिंडरच्या मागे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "चुकलं, गुंडू. उद्यापासनं मागच्या बाजूला करतो."

"हां, आता कसा बोललास," म्हणून आप्पा समाधानाने वळले.

जयसिंगपुरात शिरोळ रस्त्याला आमचं गॅरेज होतं, अजून आहे. एकाच पत्र्याखाली अर्ध्या भागात आप्पा, म्हणजे गुंडू मिस्त्री लोहार, गाड्या दुरुस्त करायचे आणि अर्ध्या भागात दस्तगीरचाचा त्यांचे पोचे काढून रंग द्यायचे. मी आप्पांचा मुलगा. आईने हौसेने शिरीष नाव ठेवलं होतं, आप्पांनी बारशाच्या दिवशीच त्याचं शिऱ्या केलं. आयटीआय करून मी त्यांच्या हाताखाली लागलो होतो, पण माझ्याकडे ब्रेक, क्लच, ग्रीस एवढंच. इंजिनात हात घालायचा तो फक्त आप्पांनी. "इंजिन म्हंजे माणसाचं पोट हाय. येईल त्यानं त्यात हात घालायचा नसतो," असं ते म्हणायचे.

आप्पांना नीट दिसत नाही हे आप्पा सोडून सगळ्या गल्लीला माहीत होतं. मोतीबिंदू पिकला होता. एकदा मी धीर करून म्हटलं होतं, "आप्पा, मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून येऊ या का?" त्यांनी ताट बाजूला सारलं. "माझ्या डोळ्याला काय झालंय? गॅरेजात उजेड कमी हाय." मी दुसऱ्या दिवशी मोठा दिवा आणून लावला, तर तो डोळ्यावर येतो म्हणून त्यांनी माझा उद्धार केला. शिवाय घरात जेवण सोडलं, ते माझ्या आत्याला मध्ये पडावं लागेपर्यंत सोडलं. तेव्हापासून त्या विषयाला कुणी हात लावत नसे. त्यांनी सिलिंडरला चाचा म्हटलं की चाचा जाऊन सिलिंडरमागे उभे राहत. आमच्याकडे हीच पद्धत पडून गेली होती.

पण गिऱ्हाईक काही आमच्या घरातलं नव्हतं. त्या पावसाळ्यात आप्पांनी एका गाडीचे पुढचे दिवे बसवले. संध्याकाळी ती गाडी रस्त्याला लागली आणि सगळा उजेड चिंचेच्या झाडावर पाडत निघून गेली. समोरच्या चहाच्या टपरीवर महिनाभर तोच विषय. गुंडू मिस्त्री आता वटवाघळांच्या गाड्या करणार, असं कुणीतरी म्हणालं आणि ते आप्पांच्या कानावर गेलं. त्यांच्या कानाला काहीही झालेलं नव्हतं.

अशात उदगावचे बाळगोंडा पाटील आपली पांढरी गाडी घेऊन आले. गाडी खडखडत आली आणि दारातच बंद पडली. पाटील आप्पांच्या जवळजवळ बरोबरीचे, गाडी घेतल्यापासून तिला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नव्हता. दर दसऱ्याला त्याच गाडीतून ते आपल्या थोरल्या बहिणीकडे, सांगलीला, सोनं द्यायला जायचे.

आप्पांनी बॉनेटवर तळवा ठेवला, गाडी परत एकदा सुरू करायला लावली आणि म्हणाले, "टायमिंग चेन. ढिली पडलीय. आत पट्टीला मारायलीया. अजून चालवली असती तर तुटली असती."

टपरीवरून कुणीतरी ओरडलं, "पाटील, त्या नव्या गॅरेजात न्या की. हितनं निघालेली गाडी झाडावर चढती."

लोक हसले. आप्पा दारात आले. टपरीकडे बघून बोलायचं होतं, पण उभी होती एक रिक्षा, तिच्याकडे बघून ते बोलले. "दसऱ्याला ही गाडी सुरू होऊन ह्या दारातनं भाईर पडंल. न्हाई पडली तर गुंडू लोहारानं पाना खाली ठेवला म्हणून समजा. परत उचलणार न्हाई."

रिक्षाकडे बघून बोलले म्हणून त्यात काही कमी झालं नाही. टपरीवरचं हसू बंद पडलं. कारण आप्पा असं बोलले की ते तसंच करत. एकदा मेव्हण्याशी वाजलं तेव्हा त्यांनी त्याच्या गाडीला हात लावणार नाही म्हणून सांगितलं होतं. पुढे माझ्या मामाची गाडी बरोबर आमच्या दारात बंद पडली, आप्पांनी त्याला आत बोलावून जेवू घातलं, पाहुणचार केला आणि रिक्षात बसवून परत पाठवलं. गाडी मामाने बैल लावून नेली.

घरी आई म्हणाली, "ह्यांनी पाना ठेवला तर हे दिवसभर घरात बसणार. माझ्या भाजीत मीठ किती ते सांगणार." तिने हे गमतीने म्हटलं खरं, पण बोलताना तिचा हात ताटावर तसाच थांबला होता. मला तर सरळ भीतीच वाटली. पाना हातात नसलेले आप्पा मी कधी पाहिलेच नव्हते. ते कसे दिसतील हेही मला माहीत नव्हतं.

चेन चढवण्याचं काम म्हटलं तर सोपं आहे. खाली क्रँकचं दातेरी चक्र, वर कॅमचं, आणि दोघांना बांधणारी चेन. खालच्या चक्राला खाच असते, ती बोटाला लागते, तिथे आंधळाही चुकणार नाही. वरच्या चक्राच्या एका दातावर मात्र ज्वारीच्या दाण्याच्या टोकाएवढा ठिपका ठोकलेला असतो. तो हेडवरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या, खुणेसमोर आणायचा आणि मग चेन ओढून बसवायची. एक दात इकडेतिकडे झाला तर इंजिन लंगडतं. जास्त झाला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात आणि मग सगळं हेड खाली उतरवावं लागतं. आप्पांना चक्र दिसत होतं. चक्राचे दातही दिसत असावेत. ठिपका दिसणं शक्य नव्हतं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी नवी चेन आली. आप्पा दुपारी जेवून आडवे झाले, तेव्हा मी ऑफिसात खाडाखोड झाकायला वापरतात तो पांढरा व्हाइटनर आणला, ठिपक्याचा दात शोधला आणि त्यावर ठसठशीत पांढरा टिळा लावला. एवढा मोठा की आप्पांना रस्त्यावरूनसुद्धा दिसावा. हे मी कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते फिरून आप्पांच्या कानावर गेलं असतं, आणि कानांचं मी वर सांगितलंच आहे.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळी हत्यारं पूजेला बसतात. पाने, जॅक, हातोडे, चाचांची रंगाची बंदूकसुद्धा. पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत उचलायचं नाही, हा नियम आप्पांनी उभ्या जन्मात मोडला नव्हता. त्यामुळे त्या दिवशी गॅरेज बंद. आई सकाळी हळदीकुंकवाची वाटी, फुलं आणि ओलं फडकं घेऊन आली. तिने आधी सगळं पुसलं, मग पूजा केली. उघड्या इंजिनालाही हार घातला. मी लांबून नमस्कार केला आणि घरी गेलो. तिथेच माझं चुकलं, जवळून करायला हवा होता.

दसऱ्याच्या सकाळी आप्पांनी हत्यारांवरची फुलं काढली, पाना कपाळाला लावला आणि आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं. "इंजिनाजवळ कुणी थांबायचं न्हाई. मला मन लावू द्या."

पाटील नवी टोपी घालून, मांडीवर आपट्याच्या पानांची पिशवी घेऊन दाराबाहेर खुर्चीवर बसले होते. टपरीवर नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती आणि चहा कुणीच पीत नव्हतं. आम्ही दारातून आप्पांची पाठ बघत होतो. ती पाठ वाकली, थांबली, परत वाकली. चेनचा किरकिर आवाज आला. मग आप्पांनी प्लग काढून क्रँकच्या बोल्टला पाना लावला आणि इंजिन हाताने फिरवायला लागले. हात हळू फिरत होता. पाऊण फेरा झाला असेल.

टक्.

पाना थांबला. आप्पांनी जोर केला नाही. पाना मागे घेतला, परत तितकाच पुढे आणला. परत टक्.

"अडतंय," ते स्वतःशीच म्हणाले.

पाटील खुर्चीतूनच म्हणाले, "गुंडू, काय घाई न्हाई. आक्का संध्याकाळपातूर वाट बघती."

मी पाणी द्यायच्या निमित्ताने आत गेलो आणि आप्पांच्या खांद्यावरून डोकावलो. खुणेसमोर एक दात होता आणि तो दात पिवळाधमक होता. माझा पांढरा टिळा कुठेच नव्हता.

पिवळा ऑइलपेंट आमच्या पत्र्याखाली एकाच माणसाकडे होता. मी चाचांना दंडाला धरून शेडमागे नेलं.

"चाचा, वरच्या चक्राला पिवळा रंग तुम्ही लावला?"

चाचांनी आधी इकडेतिकडे पाहिलं. "हळू बोल. लावला. परवा दिवेलागणीला. तुझ्या बापाला बारकं काय दिसत न्हाई, पण पिवळं दिसतं. टॅक्सीचा रंग हाय तो, लांबनं कळतो."

"पण त्या दातावर का?"

"एक दात जरा चेपल्यागत वाटला. म्हटलं हीच खूण असणार."

"चाचा, खूण म्हणजे ठिपका असतो. चेपलेला दात नसतो."

"मला काय म्हाईत? मी डेंटर हाय. मला चेपलेलंच दिसतं," चाचा खजील होऊन म्हणाले. मग एकदम त्यांनी विचारलं, "आणि तुला कसं म्हाईत खूण कुठं होती ते?"

मग मला व्हाइटनरचं सांगावं लागलं. एवढ्यात मागून आई आली, हातात नैवेद्याचं ताट. "काय खलबत चाललंय?"

"आई, काल पूजा करताना तू चक्रावरचं पांढरं काही पुसलंस?"

"ती कबुतराची घाण? पुसली की. देवाच्या दिवशी तशीच ठेवू व्हय?"

"मलाबी ती कबुतराचीच वाटली हुती," चाचा म्हणाले.

मी कपाळाला हात लावला. तेलकट लोखंडावर व्हाइटनर धरत नाही, हे मला कळायला हवं होतं. "आणि पिवळं? ते नाही पुसलंस?"

"ते हळदीचं न्हवं? मला वाटलं माझ्या आधी कुणीतरी येऊन पूजा करून गेलंय." मग तिने आवाज खाली आणला. "पण तू काळजी करू नगं. ती घाण जिथं हुती तिथंच मी कुंकू लावलंय. मोठं. मुद्दाम."

"मुद्दाम म्हणजे?"

"कबुतर काय नेम धरून एकाच दातावर घाण करतंय व्हय रं? ती घाण तूच लावली असणार, हे मला पुसल्यावर कळलं. म्हटलं पोरानं बापासाठी केलंय, ते वाया कशाला जाऊ दे. म्हणून बरोब्बर त्याच जागी कुंकू लावलं. देवाच्या निमित्तानं केलं की ह्यांना संशय येत न्हाई."

"नेमकं त्याच दातावर?"

"त्याच. माझं डोळं काय तुझ्या बापासारखं हायत?"

तिने हे इतक्या ठामपणे सांगितलं की मी तिच्यावर विश्वास ठेवला. आईवर विश्वास ठेवू नये असं काही कारण तोवर घडलं नव्हतं.

आता एवढंच करायचं होतं, पिवळा पुसायचा आणि कुंकू राहू द्यायचं. आई दारात जाऊन म्हणाली, "अवं, नैवेद्य दाखवलाय. दोन घास खाऊन घ्या, मग बघा." एरवी काम अर्धं टाकून न उठणारे आप्पा उठले. त्यांचा चेहरा उतरला होता. पाना मात्र त्यांनी खाली ठेवला नाही, पुरणपोळी खातानाही डाव्या हातात धरून बसले. मी तेवढ्यात पेट्रोलचा बोळा फिरवून पिवळा रंग काढला. ठिपका शोधून खात्री करायची होती, पण आप्पा पुरणपोळी संपवून परत येताना दिसले आणि मला चाकाखाली काहीतरी शोधायचं सोंग करावं लागलं.

"काय करतोस तिथं?"

"एक नट पडलाय, आप्पा."

"माझा पडलेला न्हाई. माझं सगळं मोजून हाय. भाईर हो."

त्यांनी चेन काढली, परत चढवली. या वेळी पाना फिरला. एक फेरा, दुसरा फेरा, कुठेही अडलं नाही. आप्पांची पाठ सरळ झाली ती मला दारातून दिसली. मग आम्हाला आत घेतलं. समोरचं कव्हर, कडेने सोल्युशन, पुली, पट्टे, तेल, पाणी. दुपार टळली. आप्पा बोलत नव्हते पण मधूनच गुणगुणत होते, आणि ते गुणगुणतात ही गोष्ट मी विसरूनच गेलो होतो.

"पाटील, या. तुमच्या हातानं सुरू करा," ते म्हणाले.

पाटील बसले. किल्ली फिरवली. इंजिन एकदा खोकलं, दुसऱ्यांदा घुमलं आणि सुरू झालं.

टपरीवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. वटवाघळांचं बोलणारासुद्धा वाजवत होता. चाचांनी मला मिठी मारली आणि माझ्या शर्टाला रंग लागला. आई पदराने डोळे पुसत होती. पाटलांनी ॲक्सिलरेटर दाबला, गाडीने आवाज दिला. खडखड गेली होती. गाडी सुरू होऊन दारातून बाहेर पडायला फक्त पाटलांनी गिअर टाकायचा बाकी होता. आप्पा जिंकले होते.

आप्पा टाळ्या वाजणाऱ्या बाजूला बघत नव्हते. त्यांनी लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर घेतला, त्याचं टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. मान वाकडी करून ऐकत राहिले. बराच वेळ. मीही कान दिला. मला त्यात काहीही कळलं नाही. छान चालली होती गाडी.

"बंद करा, पाटील," आप्पा म्हणाले.

"का? झालं की. सुरू झाली," पाटील म्हणाले.

"बंद करा."

इंजिन बंद झालं. टाळ्याही बंद झाल्या.

"एक दात चुकलाय," आप्पा म्हणाले. "चालंल गाडी. सांगलीला जाऊन येईल. कुणाला कळायचंबी न्हाई. पण दम धरणार न्हाई, तेल पिईल, आणि घाटाला लागली की रडंल."

मला मनातून ओरडून सांगावंसं वाटत होतं की आप्पा, राहू द्या, शपथ पुरी झाली, सुरू होऊन बाहेर पडते आहे ना, जाऊ द्या तिला. पुढच्या आठवड्यात गुपचूप बोलावून बसवू. पाटील काही बोलणार नाहीत. मी बोललो नाही, कारण आप्पांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला होता आणि ते हात पुसत होते. एकेक बोट वेगळं धरून पुसत होते.

"शिऱ्या," ते म्हणाले. आवाज चढा होता, टपरीपर्यंत जाईल इतका. "वरच्या चक्राचा ठिपका कुठं हाय ते तू बघ. मला दिसत न्हाई."

एवढंच म्हणाले. मी बाह्या वर सारल्या आणि पुढे झालो.

"मग मी थांबतो," पाटील म्हणाले आणि गाडीतून उतरून परत खुर्चीवर बसले. बहिणीला फोन लावला. "आक्का, उशीर हुईल. न्हाई, गाडी ठीक हाय. मिस्त्रीला पसंत न्हाई."

मग परत सगळं उघडलं. पट्टे, पुली, कव्हर. इंजिन गरम, हाताला चटके. आप्पा म्हणाले, "तू बसव. मी दिवा धरतो." आयुष्यात पहिल्यांदा मी इंजिनात हात घातला आणि आप्पांनी दिवा धरला. तो त्यांनी माझ्या कानावर धरला होता.

मी जरा वेळ तसाच अंधारात चाचपडलो. सवयच तशी होती. मग म्हटलं, "आप्पा, दिवा खाली. अजून खाली. डावीकडं."

दिवा खाली आला, डावीकडे आला.

चक्रावर तेलात विरघळलेलं कुंकू, कडेला उरलेला पिवळा, कुठे कुठे खरी हळद. रॉकेलने सगळं धुतलं. ठिपका निघाला. कुंकू त्याच्या शेजारच्या दातावर होतं. आईने मान वाकडी करून पाहिलं आणि म्हणाली, "शेजारीच हाय की."

मी आप्पांचं बोट धरून ठिपक्यावर ठेवलं. त्यांनी ते तिथे फिरवलं. "हां. ह्यो," ते म्हणाले. चेन मी बसवली, ताण त्यांनी बघितला. हाताने दोन फेरे फिरवले, मग परत कव्हर, परत पुली.

दिवस बुडायला आला तेव्हा पाटलांनी किल्ली फिरवली. आप्पांनी स्क्रूड्रायव्हर कानाला लावला, मग तो माझ्या कानाला लावला. मघाचं आणि आताचं यातला फरक तेव्हा कुठे मला कळला. आधी कुणीतरी पाय ओढत चालल्यासारखं होतं, आता नव्हतं. पाटलांनी आम्हा सगळ्यांच्या हातावर सोनं ठेवलं, आप्पांच्या पाया पडायला वाकले आणि आप्पांनी त्यांना वरच्या वर धरलं. गाडी दारातून बाहेर पडली आणि सरळ रस्त्याने गेली.

ती दिसेनाशी झाल्यावर आप्पा आमच्याकडे वळले. "आता सांगा, माझ्या चक्रावर रंगपंचमी कुणी खेळली?"

चाचा पत्र्याकडे बघायला लागले. आई ताटातली फुलं गोळा करायला लागली. मी बोललो. एकेक रंग सांगितला.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. "तिघांनी मिळून माझी चेन चुकवली. एकानं तरी तोंडावर सांगायचं हुतं."

"सांगितलं असतं तर तुम्ही जेवण सोडलं असतं," आई म्हणाली.

आप्पांनी विचार केला. "सोडलं असतं," ते म्हणाले.

दिवाळीनंतर मिरजेला ऑपरेशन झालं. पट्टी काढून गॅरेजात आले तेव्हा ते दारातच थांबले. "एवढी घाण कवापासनं हाय हितं?" मग चाचांकडे बघत म्हणाले, "आणि तू इतका म्हातारा कवा झालास?"

"तू बघत नव्हतास तवा," चाचा म्हणाले.

चिंचेच्या झाडाखालून येणाऱ्या गाड्यांचे दिवे ते स्वतः तपासायला लागले. इंजिनात हात मात्र त्यानंतर आम्ही दोघांनी घातला, कायम.

पुढच्या खंडेनवमीला हत्यारं पूजेला मांडली तेव्हा पान्यांच्या शेजारी आप्पांनी आपला ऑपरेशननंतरचा चष्मा काढून ठेवला. आईने कुंकवाचं बोट उचललं आणि थांबली. "ह्याला कुठं लावू?"

"काचंवर लाव. हत्यार हाय ते."

तिने दोन्ही काचांना एकेक टिकली लावली. आणि पूजेला बसलेलं हत्यार सकाळपर्यंत उचलायचं नाही, हा नियम तर आप्पांनी उभ्या जन्मात मोडला नव्हता. त्या दिवशी ते दिवसभर बिनचष्म्याचे फिरले. दुपारी मी बाहेरून आलो तेव्हा ते दारात उभे राहून चाचांना झाडत होते, फुलांच्या माळा भलत्याच ठिकाणी टांगल्या म्हणून. समोर झगा घातलेला सिलिंडर होता. चाचा माझ्या शेजारी उभे होते. सवयीने त्यांनी एक चप्पल काढली, मग माझ्याकडे पाहिलं आणि परत पायात घातली.

"गुंडू," ते म्हणाले, "मी हिकडं हाय. तो सिलिंडर हाय."

"म्हाईत हाय मला," आप्पा मागे न वळता म्हणाले. "तुझ्यापेक्षा तो बरं ऐकतो."